बाटली घाट चढते, उतरत नाही



मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणेवर उभं असलेलं धरण तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. मध्य वैतरणा. उंची १०२ मीटर, मालकी मुंबई महापालिकेची, २०१४ पासून वापरात. पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत सात तलावांचा तक्ता रोज छापून येतो, त्यात त्याचं नाव असतं. काठोकाठ भरलं तर १ लाख ९३ हजार ५३० दशलक्ष लिटर. मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, त्यांचा तक्ता मात्र कुठे छापलेला मी पाहिला नाही. असो. पाण्याकडे शेवटी वळावंच लागेल, पण आधी हे धरण कशाचं आहे ते पाहू.

सिमेंटचं, असं कुणीही सांगेल. ते अर्धंच खरं. हे रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं धरण आहे. जवळजवळ कोरडं मिश्रण डंपरने आणायचं, बुलडोझरने पसरायचं आणि वरून रस्त्याचा रोलर फिरवायचा. असे थरावर थर. या मिश्रणात सिमेंट बेताचं असतं आणि त्याच्या जोडीला कोळशाची राख भरपूर असते, औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यात पकडलेली, पिठासारखी बारीक. देशात या पद्धतीची पहिली धरणं अकोले तालुक्यातल्या घाटघरला झाली, त्यांतही हीच राख. कारण सरळ आहे. सिमेंट पाण्याशी मिळालं की उष्णता सुटते. घराच्या खांबातून ती हवेत निघून जाते, धरणाच्या पोटात मात्र अडकून बसते, आणि पुढे निवताना काँक्रीटला तडे जातात. राखेचं काम सावकाश चालतं, उष्णता कमी सुटते, आणि काँक्रीट वर्षभर ताकद घेत राहतं.

म्हणजे तुमच्याच तालुक्यातली सर्वांत मोठी वास्तू एका टाकाऊ मालावर उभी आहे. एके काळी ही राख वीजकेंद्रांची डोकेदुखी होती. आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणूला ५०० मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र आहे, तिकडच्या लोकांना हे सांगायला नको. मग राख एवढी मानाला कशी चढली? गुण तिच्यात आधीपासूनच होते. पण १९९९ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की वीजकेंद्राच्या ठरावीक परिघात बांधकामाला आणि विटांना राख वापरलीच पाहिजे, आणि पुढे तो परीघ वाढवत नेला. आज दुकानातून तुम्ही जी सिमेंटची गोणी आणता, तिच्यावर पीपीसी लिहिलेलं असेल तर तिच्यात १५ ते ३५ टक्के राख असते. आपण सगळेच राखेच्या घरात राहतो.

आजचा विषय काचेचा आहे, आणि राखेची ही हकिगत मी मुद्दाम आधी सांगितली. काच काँक्रीटमध्ये घालावी का, असं कुणी विचारलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रंगीत तुकडे चमकणारी फरशी येते. ते सजावटीचं काम झालं. मला काच राखेच्या जागी पाहायची आहे.

काचेची राख होते कशी, हे समजायला जुन्या चुन्याकडे जावं लागतं. आपल्याकडे चुन्याची घाणी असायची. दगडी चाक, गोल चर, बैल. त्यात चुन्याबरोबर सुरखी मळायचे. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. नुसता चुना पाण्याखाली धरत नाही, सुरखी घातली की धरतो. रोमन लोक हेच काम नेपल्सजवळच्या पोझुओलीच्या ज्वालामुखी मातीने करत, म्हणून अशा सगळ्या पुडींना पोझोलाना म्हणतात. विटेची पूड, ज्वालामुखीची माती, कोळशाची राख: तिन्हींत आगीतून गेलेली, स्फटिक न बनलेली सिलिका असते. ती चुन्याला धरून बसते. सिमेंट मुरताना त्यातून चुना सुटतोच. तो काँक्रीटमध्ये नुसताच पडून राहतो, पावसात झिरपून पांढरे ओघळ धरतो. पोझोलाना त्या पडून राहिलेल्या चुन्याला कामाला लावते.

आता बाटली घ्या. साध्या काचेत साधारण ७० ते ७३ टक्के सिलिका असते, आणि ती अजिबात स्फटिकी नसते. दहाएक टक्के चुना, आणि १२ ते १५ टक्के सोडा. सुरखीचे सगळे गुण आहेत, फक्त तो सोडा आडवा येतो.

हा सोडा आणि ही सिलिका मिळून काय करतात ते १९४० मध्ये कॅलिफोर्नियाच्या थॉमस स्टँटन या अभियंत्याने दाखवून दिलं. तिथले रस्ते आणि पूल काही वर्षांतच आतून फुगून जाळीसारखे तडकत होते. त्याने शोधलं की सिमेंटमधले सोड्यासारखे अल्क आणि खडीतली विशिष्ट सिलिका यांची रासायनिक क्रिया होते, त्यातून एक जेल तयार होतं, ते पाणी पितं आणि फुगतं. आपल्या देशात हिराकूड आणि रिहंद इथल्या धरणांच्या कामांना याच रोगाने ग्रासलं. त्याला तीन गोष्टी लागतात: सिलिका, अल्क आणि ओल. बाटलीचा तुकडा पहिल्या दोन घेऊनच येतो. तिसरी जव्हार-मोखाड्यात आभाळातून येते, जून ते सप्टेंबर अखंड. कोरड्या प्रदेशात कुणी काचेची खडी घालून ओटा केला आणि तो दहा वर्षं टिकला, तर त्याचं उदाहरण इथे लागू पडत नाही. आपला बेसाल्टही निर्धोक नाही. त्याच्या पोकळ्यांत भरलेली गारेसारखी सिलिका काही ठिकाणी हाच उपद्व्याप करू शकते.

यातला चमत्कारिक भाग पुढेच आहे. काच जितकी बारीक करावी तितका हा रोग वाढला पाहिजे, असं वाटतं ना? बारीक कण म्हणजे जास्त पृष्ठभाग. पण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९९०च्या दशकात ख्रिश्चन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या जाडीच्या काचेचे नमुने केले, तेव्हा फुगणं एका जाडीपर्यंत वाढलं आणि त्याखाली उतरत गेलं. मिलिमीटरभराचे कण घातक. एकतृतीयांश मिलिमीटरच्या खालचे जवळपास निरुपद्रवी. आणि ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली पूड तर उलट औषधाचं काम करते. ती काँक्रीट कोवळं असतानाच चुन्याला धरून संपते, पुढे फुगायला काही शिल्लक ठेवत नाही, आणि जाड काचेमुळे किंवा वाईट खडीमुळे होणारं फुगणंही आवरते. हिरव्या बाटलीची काच पांढरीपेक्षा कमी त्रास देते असंही त्यांना आढळलं. रंगासाठी घातलेल्या क्रोमियमशी त्याचा संबंध त्यांनी जोडला. म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं, ‘काच काँक्रीटमध्ये चालते,’ तर आधी विचारा, ‘किती बारीक?’ उत्तर आलं नाही तर संभाषण तिथेच थांबवा.

अभ्यासक आणि वर्तमानपत्रं काचेची जाहिरात रेतीला पर्याय म्हणून करतात. कोकणच्या खाड्यांतला रेतीउपसा आणि त्यावरची भांडणं पाहता ते समजण्यासारखं आहे. पण आपल्या डोंगरावर दगडाला काय तोटा आहे? इथे खडी आणि दगडाची कच क्रशरवरून मिळते. जी वस्तू इथे होत नाही, दूरच्या कारखान्यातून ट्रकने घाट चढून येते, ती सिमेंट. एक टन सिमेंट-क्लिंकर भाजताना ८०० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरतात. तेव्हा काचेने इथे रेतीची जागा घेण्यात अर्थ नाही. घ्यायची तर सिमेंटची घ्यावी.

आणि काच आहे कुठे? दाभोशाला, काळमांडवीला, सूर्यमाळला पावसाळ्यात पर्यटक येतात, ढाबे आहेत, हॉटेलं आहेत, गावातली दुकानं आहेत. भरलेली बाटली घाट चढते. अख्खी रिकामी बाटली भंगारवाला नेतो, पण फुटकी आणि मिसळलेली काच त्याला परवडत नाही. जड माल, कवडीमोल भाव, आणि भट्ट्या लांब. ती ओढ्यात पडते, शेताच्या बांधावर पडते, आणि अनवाणी चालणाऱ्याच्या पायात घुसते.

या काचेचा आपल्याकडे एके काळी केवढा आदर होता! १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणसामागे एक पैसा गोळा करण्याचा ध्यास घेतला होता, पाठीशी टिळक होते, आणि देशी काच करणं हे स्वराज्याचं काम मानलं जात होतं. पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांत पेटला. त्या कंदिलाची काच फुटली की घरात बोलणी बसत. विषयांतर झालं, पण काचेला टाकाऊ म्हणण्याआधी एवढं आठवावं असं वाटलं.

म्हणूनच काच कुठे जावी याचा माझा क्रम ठरलेला आहे. अख्खी बाटली धुऊन पुन्हा भरावी, याहून चांगलं काही नाही. फुटकी काच भट्टीत परत जावी. भट्टीत दहा टक्के जुनी काच घातली की इंधनात अडीच-तीन टक्क्यांची बचत होते, आणि काच कितीही वेळा वितळवली तरी काचच राहते. काँक्रीटमध्ये घातलेली काच मात्र कायमची गेली. तेव्हा भट्टीपर्यंत जाणं ज्या काचेला परवडत नाही, तिलाच काँक्रीटमध्ये जागा द्यावी. डोंगरी तालुक्यातली मिसळलेली फुटकी काच नेमकी तशी आहे.

हिशेब मांडून पाहू. तीन मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब गल्लीला ६० मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक बसवायचे तर १८ घनमीटर काँक्रीट लागतं. घनमीटरला ४०० किलो सिमेंट धरा, त्यातलं वीस टक्के काढून काचेची पूड घाला. दीड टनाच्या जरा खाली काच लागली. बिअरची मोठी बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते. म्हणजे शंभर मीटर गल्लीत तीन हजार बाटल्या, आणि सिमेंटच्या अठ्ठावीस-एकोणतीस गोण्या घाट चढायच्या वाचल्या. आकडा नेत्रदीपक नाही, पण एका तालुक्याच्या गावाला पेलणारा आहे.

कॅनडात क्वेबेक प्रांतात दारूविक्री सरकारी महामंडळाकडे आहे. बाटल्यांचा ढीग त्यांच्याच दारात येत असल्याने त्या महामंडळाने शेरब्रुक विद्यापीठाला काचेच्या पुडीच्या संशोधनासाठी पैसा दिला. आधी स्वतःच्या दुकानांच्या जमिनी तशा काँक्रीटच्या केल्या, आणि पुढे मॉन्ट्रियलमध्ये डार्विन नावाच्या दोन पुलांत सुमारे चाळीस टन काच सिमेंटच्या जागी गेली. २०२० मध्ये अमेरिकेत काचेच्या पुडीसाठी स्वतंत्र मानक निघालं. मला यातलं रसायन तेवढं महत्त्वाचं वाटत नाही, जेवढी ही गोष्ट वाटते की बाटली विकणाऱ्याने खर्च उचलला. आपल्या जवळचं उदाहरण निलगिरीचं. तिथल्या जंगलात फुटक्या बाटल्यांनी हत्तींचे पाय चिरत होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२२ पासून तिथल्या सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे दहा रुपये जादा घ्यायला सुरुवात झाली. रिकामी परत आणा, दहा रुपये घेऊन जा. बाटल्या परत येऊ लागल्या. आपल्याकडे दारूदुकानं खासगी आहेत, तरी परवाना सरकारचाच असतो. डोंगरी तालुक्यांपुरती अशी अट परवान्यात घालायला कसली शास्त्रीय प्रगती लागते?

आता दळण्याबद्दल. इथे मला आवाज चढवावा लागेल. बाटल्या फोडून पूड करणं हा ‘महिलांना रोजगार’ म्हणून कुणीतरी योजनेत घालील, याची मला भीती वाटते. हातोडी, गोणपाट, तोंडाला पदर, आणि उद्घाटनाचा फोटो. गुजरातेत गोध्रा परिसरात गारेचा दगड दळण्याचे कारखाने होते. ती पूड काच उद्योगाला जात असे. कामाला मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धारचे आदिवासी. काही महिन्यांच्या मजुरीत छाती सिलिकाने भरली आणि माणसं तरुणपणी गेली. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला सांगितलं. ते पैसे द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१६ उजाडलं. बाटलीची काच गारेसारखी स्फटिकी नाही, म्हणून तिची धूळ तितकी जहरी नाही. पण धूळ ती धूळ, आणि बाटल्यांबरोबर चिनीमाती येते, टीव्हीच्या जुन्या नळ्या येतात, त्यांत शिसं असतं. दळायचं तर बंद बॉलमिलमध्ये, धूळ ओढणाऱ्या यंत्रासह. दिवाळीनंतर वसई, भिवंडी, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर जाऊन ज्यांची फुप्फुसं आधीच धूर पितात, त्यांच्या हातात हे काम उघड्यावर द्यायचं नाही.

आणि सरकारी योजनेतलं घरकुल? २५ चौरस मीटरचं घर, ठरलेले हप्ते, त्यात बसेल तेवढं सिमेंट. कूड-कारवीचं, शेणाने सारवलेलं घर सोडून माणूस स्लॅबखाली येतो तो टिकाऊपणाच्या भरवशावर. त्याच्या खांबांत आणि स्लॅबमध्ये पहिला प्रयोग करायचा नाही. काचेमुळे नव्हे, क्युरिंगमुळे, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून मुरवण्यामुळे. काचेची पूड सुरुवातीला सुस्त असते. अठ्ठावीस दिवसांना काँक्रीट थोडं मागे, नव्वद दिवसांना बरोबरीला किंवा पुढे, असा तिचा स्वभाव. पण तेवढे दिवस तिला ओल लागते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारा, राखमिश्रित सिमेंटला दहा दिवस, आणि हवा उष्ण-कोरडी असेल तर चौदा, असं आपलं भारतीय मानक सांगतं. इथे बांधकाम कधी होतं? ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढ्यांना पाणी असतं, पण तेव्हा भात कापायचं असतं. दिवाळी झाली की माणसं भट्टीवर. पहिला हप्ता अडकतो, दुसरा उशिरा येतो, आणि स्लॅब पडतो एप्रिलमध्ये, विहिरीचा तळ दिसत असताना. घरातली बाई दोन हंड्यांसाठी रांगेत उभी आहे आणि अभियंता म्हणतो, स्लॅबवर पाणी तुंबवून ठेवा. कोण ठेवणार? त्या स्लॅबला साधं सिमेंटही पुरतं मुरत नाही, तिथे सुस्त पूड घातली तर काँक्रीट कायमचं कच्चं राहील.

म्हणून काच घरात न नेता कार्यशाळेत न्यावी. जव्हारला नगरपरिषद १९१८ पासून आहे. पेव्हर ब्लॉक, गटारावरची झाकणं, कुंपणाचे खांब यांसाठी एक शेड आणि एक हौद तिला जड नाही. ब्लॉक हौदात बुडवून मुरवले की तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येतं. बाटल्या धुण्याचंही तसंच. न धुतलेली बाटली चालत नाही, कारण सरबताची आणि गोड दारूची साखर काँक्रीटमध्ये गेली तर सिमेंट धरायलाच वेळ लावतं. पूड जव्हारला दळायची की खाली मनोरच्या बाजूला, हे वाहतुकीच्या भावावर ठरेल. सिमेंट पोचवून रिकामा उतरणारा ट्रक फुटकी काच नेऊ शकतो, दुसऱ्या खेपेला पूड आणू शकतो.

पहिलं काम बाजाराच्या आवारातल्या फरसबंदीचं काढावं. बिघडलं तर ब्लॉक उचलून दुसरा बसवता येतो, कुणाचं छप्पर पडत नाही. निविदेत पूड किती बारीक हवी ते मायक्रॉनमध्ये लिहावं. ब्लॉकची ताकद अठ्ठावीस दिवसांनाही तपासावी आणि नव्वद दिवसांनाही, आणि बिलाची काही रक्कम दुसऱ्या तपासणीपर्यंत राखून ठेवावी. ठेकेदार कुरकुर करतील, करू द्यावी. फुगण्याची चाचणी इथल्याच खडीवर घ्यावी. कांड्या ८० अंश तापमानाच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात चौदा दिवस बुडवून ठेवतात, मुंबई-नाशिकच्या प्रयोगशाळांत ती होऊ शकते. आणि एक अट ठळक छापावी, की धुण्यामुरवण्याचं पाणी पावसाळ्यात साठवलेलं असेल आणि फिरवून वापरलं जाईल. जानेवारीनंतर गावच्या विहिरीवरून किंवा टँकरमधून एक हंडाही घेतला जाणार नाही. ही अट गाळून निविदा निघाली, तर मंडळी, ग्रामसभेत उभे राहा आणि ते काम अडवा.